वहीतलं पान उघडून सांगते

संपादकांनी मागच्या अंकात ‘शेतीविषयी मनातलं काहीही विचारा’ अशी चौकट छापली आणि पंधरा दिवसांनी पत्रांची पिशवीच माझ्याकडे पाठवून दिली. रात्री जेवणं उरकल्यावर ओट्यावर बसून मी ती वाचली. काही वाचून हसू आलं, दोन-तीन वाचून डोकं तापलं, एक वाचून झोप लागली नाही. सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही. जी देते आहे ती निफाड तालुक्यातल्या माझ्या साडेचार एकरांपुरती : दीड एकर द्राक्षबाग, दोन एकर कांदा, उरलेल्यात गहू, घास, गोठा आणि घर. हीच पत्रं यवतमाळच्या कापूसवाल्याकडे किंवा कोकणातल्या भातवाल्याकडे गेली असती तर उत्तरं वेगळी आली असती. ‘शेतकरी’ नावाचा एकच माणूस महाराष्ट्रभर राहत नाही, एवढं धरून पुढे वाचा.

प्रश्न : कांदा साठ-सत्तर रुपये किलो झाला की आमचं घरखर्चाचं गणित कोलमडतं, आणि शेतकरी मालामाल होतो. मग महिन्या-दोन महिन्यांत भाव पडला की तोच शेतकरी रस्त्यावर कांदे ओततो. चांगल्या दिवसांत कमावलेलं जातं कुठे? (एक वाचक, ठाणे)

दादा, रागानं विचारलंत, पण विचारलंत हे बरं केलंत. लग्न झाल्यापासून मी हिशेबाची वही ठेवते, तीच उघडते.

आधी एक समजून घ्या. तुम्ही ज्याला कांदा म्हणता ती आमच्याकडे तीन पिकं आहेत. पावसाळ्यात लावलेला लाल कांदा दिवाळीच्या आगेमागे निघायला लागतो. त्याच्या पाठोपाठ रांगडा. आणि डिसेंबर-जानेवारीत लावलेला उन्हाळ कांदा मार्चपासून मेपर्यंत. पहिले दोन टिकत नाहीत. काढले की भाव असो-नसो, बाजार दाखवायचा. टिकतो तो उन्हाळ. तो चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, भरतो, आणि जूनपासून दिवाळीपर्यंत तुमच्या भाजीत पडतो तो हाच.

आता उन्हाळ कांद्याच्या एका एकराचं पान. बी आणि उळं, म्हणजे रोपं, तयार करायला 6,000 रुपये. नांगरट, रोटाव्हेटर, वाफे पाडणं 7,000. लागवड उक्ती, म्हणजे कामाची एकरकमी मजुरी ठरवून, दिली ती 14,000. खतं 12,000. फवारण्या 10,000. निंदणी 7,000. काढणी आणि पात कापणी, तीही उक्ती, 14,000. शेतातून चाळीपर्यंत ट्रॉली 5,000. झाले 75,000. यात मालकांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, आणि माझी चार महिन्यांची मजुरी नाही, रात्री पाणी भरलं ते नाही, चाळ बांधायला काढलेलं कर्ज नाही.

पीक निघालं 110 क्विंटल. वाईट नाही. चाळीत भरला तेव्हा 110, आणि सप्टेंबरअखेर चाळ फोडली तेव्हा विकायजोगा भरला 75. पस्तीस क्विंटल कुठे गेला म्हणाल तर थोडा हवेत, कारण कांदा चाळीत सुकतो, वजन घटतं. थोड्याला कोंब आले. बाकीचा सडला. ऑगस्टमध्ये दमट हवेत चाळीत बसून सडका कांदा हातानं वेचून काढायचा असतो. नाही काढला तर शेजारच्यालाही लागतो. तो वास डोक्यावरून दोनदा आंघोळ केली तरी केसांतून जात नाही. त्या दिवसांत मी लग्नाकार्याला जायचं टाळते.

आता भागाकार करा. 75,000 भागिले 75. क्विंटलला हजार रुपये रोख पदरचे गेले. घरची मजुरी, चाळ, बाजारापर्यंतचं भाडं धरलं तर चौदाशे-पंधराशेच्या खाली विकला की मी तुम्हाला फुकट राबून कांदा खाऊ घातला असं समजा. चौदाशे म्हणजे किलोला चौदा रुपये.

तुम्ही साठ रुपये मोजता ते दिवस बहुतेक चाळी रिकाम्या झाल्यावरचे असतात. माल कमी म्हणून भाव. त्या वेळी ज्याच्याकडे कांदा उरलाय त्याला चार पैसे मिळतात, हे मी नाकारत नाही. मलाही एका वर्षी चाळीस क्विंटल साडेतीन हजारांनी गेला. त्यातून गावच्या सोसायटीचं पीककर्ज भरलं, चाळीचे पत्रे बदलले आणि सुनेच्या पायात जोडवी घातली. पण आमच्या गावात ज्यांच्याकडे चाळ नाही, ज्यांच्या घरी मेमध्ये लग्न होतं, ज्यांच्यामागे सोसायटीचा तगादा होता, त्यांनी तो कांदा मे महिन्यातच दहा-अकरा रुपयांनी देऊन टाकला होता. तुमच्या साठ रुपयांतला एक रुपयाही त्यांच्याकडे परत येत नाही.

आणि भाव चढला की आणखी एक गोष्ट होते. ऑगस्ट 2023 मध्ये कांद्याच्या निर्यातीवर 40 टक्के शुल्क बसलं. 8 डिसेंबर 2023 ला निर्यातच बंद. तो काळ लाल कांद्याचा, जो आम्हाला ठेवता येत नाही. लासलगावला लिलाव बंद पाडले लोकांनी, पण बंद पाडून कांदा थांबतो का? भाव बघता बघता अर्ध्यावर आला. बंदी उठली 4 मे 2024 ला, तीही टनाला किमान 550 डॉलर आणि वर 40 टक्के शुल्क अशा अटी लावून. ते शुल्क पुढे निम्मं झालं आणि पूर्ण गेलं 1 एप्रिल 2025 ला. उलट बाजूनं बघा : कांद्याला हमीभाव नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये बार्शीकडच्या एका शेतकऱ्यानं सोलापूरच्या बाजारात 512 किलो कांदा नेला. किलोला रुपया. हमाली, तोलाई, भाडं वजा जाऊन हातात दोन रुपयांचा चेक पडला, तोही पुढच्या तारखेचा. तुमचा कांदा महागतो तेव्हा सरकार हलतं. आमचा स्वस्त होतो तेव्हा पेपरात फोटो येतो.

रस्त्यावर ओततात ते हौसेनं नाही. परत न्यायचं ट्रॅक्टरभाडं असतं आणि परत नेऊन ठेवायला जागा नसते. माझं माहेर चांदवड तालुक्यातलं. नोव्हेंबर 1980 मध्ये शेतकरी संघटनेनं मुंबई-आग्रा रस्ता रोखला तेव्हा माझे वडील त्यात होते, आठ दिवस आत जाऊन आले. मी दहा वर्षांची. मागणी काय होती, तर कांद्याला किलोमागे काही पैसे वाढवून द्या. रुपये नव्हे, पैसे.

प्रश्न : मी एकोणतीस वर्षांचा आहे, हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे. या धावपळीला कंटाळलोय. दोन एकर घेऊन सेंद्रिय शेती करावी, साधं, शांत आयुष्य जगावं असं वाटतं. कुठून सुरुवात करू? (एक वाचक, पुणे)

सुरुवात तलाठ्यापासून. तुमच्या किंवा तुमच्या आईवडिलांच्या नावानं शेतजमीन आहे का? नसेल तर महाराष्ट्रात तुम्हाला सहजासहजी शेतजमीन घेता येत नाही. 1948 च्या कूळ कायद्याचं कलम 63 आडवं येतं. बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. ‘करून देतो सगळं’ म्हणणारे दलाल भेटतील. त्यांच्यापासून चार हात लांब राहा.

जमीन बघायला ऑगस्टमध्ये जाऊ नका. ऑगस्टमध्ये खडकसुद्धा हिरवा दिसतो. मे महिन्यात भर दुपारी जा. विहिरीत डोकवा आणि विकणाऱ्याला नाही, शेजाऱ्याला विचारा : मोटर सलग किती तास चालते? विहीर एकट्याची की सामाईक? सामाईक असेल तर पाण्याची पाळी कुणाची, कधी? रस्ता कागदावर आहे की दुसऱ्याच्या बांधावरून मेहेरबानीनं? मेहेरबानीचा रस्ता तुम्ही पहिलं भांडण केलंत की बंद होतो, आणि पहिलं भांडण पहिल्याच पावसाळ्यात होतं.

सेंद्रिय कराच, मी तुम्हाला हसणार नाही. पण शेणखत कुठून आणणार? आमच्याकडे दोन गाई आहेत. त्यांचं वर्षभराचं शेण द्राक्षबागेलाही पुरत नाही, ट्रॉलीनं विकत आणावं लागतं. गावात जनावरं कमी झालीत, ट्रॅक्टर वाढलेत, आणि ट्रॅक्टर शेण टाकत नाही.

शांततेचं म्हणाल तर आमच्या फिडरला, म्हणजे शेतीच्या वीजलाइनला, एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री वीज असते, आठ-आठ तास. रात्रीच्या आठवड्यात दीड वाजता मोबाईलचा गजर होतो, बॅटरी आणि काठी घेऊन दोघं निघतो. दोघं अशासाठी, की उसाच्या कडेला बिबट्या असतो. मागच्या वर्षी मी बारं देत, म्हणजे पिकाला पाणी भरत होते तेव्हा तो बांधावर बसून होता, घरच्या मांजरासारखा. मी मोटर बंद करायलाही गेले नाही, मागच्या मागे घरी. सकाळी बघते तर खालच्या वाफ्यात तळं. वर्षातून पंधरा दिवस लग्नांचा डीजे असतो, तो वेगळाच.

तरीही यायचं असेल तर एक करा. नोकरी सोडू नका. आधी एक पूर्ण हंगाम कुणाच्या तरी शेतात शनिवार-रविवार जाऊन काम करा. पाहुणे म्हणून नव्हे, रोजानं. चार महिन्यांनी हेच पत्र मला पुन्हा लिहा.

प्रश्न : तुमचं सदर मी नियमित वाचते. एक विचारू का? हे तुम्ही स्वतः लिहिता की कुणी लिहून देतं? शेतकऱ्याच्या घरची बाई इतकं शुद्ध लिहील असं वाटत नाही. राग मानू नका. (एक वाचक, दादर)

मानला. जेवणं झाल्यावर गेला.

बारावीपर्यंत चांदवडला शिकले, पुढे लग्न झालं. मुलं शाळेत जायला लागली तेव्हा नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून बी. ए. केलं, परीक्षेच्या दिवशी सकाळी गाई पिळून एसटी पकडायची. घरी मी ‘इकडं ये’ म्हणते, इथे ‘इकडे’ लिहिते. तुम्हीही घरी जसं बोलता तसं अर्जात लिहीत नसाल. ‘श’ आणि ‘ष’ अजून चुकतात, ते संपादक बघतात.

‘शेतकऱ्याच्या घरची बाई’ हे मात्र मला पोटात लागलं. ताई, कांद्याची लागवड बघितली आहे का कधी? चिखलाच्या वाफ्यात वाकून एकेक रोप बोटानं दाबत जायचं, सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. टोळीत वीस जणी असतात, वीसच्या वीस बायका. निंदणी बायका, कापणी बायका, चाळीतला सडका वेचायला बायका. पुरुष नांगरट आणि फवारणी करतात, आणि लिलावाला ट्रॅक्टरवर बसून जातात. म्हणून पेपरातल्या फोटोत तेच दिसतात. नोव्हेंबर 1986 मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन झालं. शरद जोशींची संघटना. आई मला घेऊन गेली होती, मी सोळा वर्षांची. मैदानभर लुगडी आणि पदर, नजर पोचेल तिथपर्यंत. तिथून येताना आई वाटेत काही बोलली नाही. घरी आल्यावर वडिलांना म्हणाली, “सात-बाऱ्यावर माझं नाव कुठंय?” वडील हसले होते. पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली आणि बायकोच्या नावावर जमीन करणाऱ्यांत तेही एक होते.

माझ्या नावावर दीड एकर आहे. तेव्हा मी ‘घरची बाई’ही आहे आणि शेतकरीही.

प्रश्न : यंदा पाऊस सरासरीपेक्षा जास्त झाला म्हणतात, थंडीही छान पडली. तरी नुकसानीच्या बातम्या येतातच. शेतकऱ्यांना नेमकं हवं तरी काय असतं? (एक वाचक, बोरिवली)

हवं असतं ते वेळेवर. सरासरी म्हणजे वर्षभरात किती पडला. माझं पीक वर्षभर उभं नसतं. जूनमध्ये महिनाभर ओढ द्यायची आणि ऑक्टोबरमध्ये आठ दिवसांत सगळा कोटा ओतायचा, तरी सरासरी छानच दिसते. ऑक्टोबरच्या त्या आठ दिवसांत माझं उळं सडतं, आणि त्याच दिवसांत नुकती गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, झालेल्या द्राक्षबागेवर डाऊनी हा बुरशीचा रोग येतो. कोवळा घड दोन रात्रींत जातो.

थंडीचं तर काय सांगावं. ‘निफाडचा पारा घसरला’ ही बातमी तुम्ही स्वेटर घालून चहाबरोबर वाचता. आमच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला तो आकडा असतो. गुलाबी थंडी, असं खाली लिहिलेलं असतं. पारा चार-पाच अंशांवर गेला की द्राक्षाच्या मण्यांची फुगवण थांबते, आणि पाणी उतरलेल्या, साखर भरायला लागलेल्या मण्यांना तडे जातात. म्हणून पहाटे तीनला उठून बागेत ओळीओळीतून शेकोट्या पेटवायच्या, छाटणीच्या काड्या जाळून धूर करायचा, विहिरीचं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा कोमट असतं म्हणून ठिबक चालू ठेवायचं. डोळे चुरचुरतात. आणि गंमत बघा, हीच थंडी पलीकडच्या गव्हाला मानवते. बांधाच्या अलीकडे मी रडते आणि पलीकडे हसते.

प्रश्न : आम्ही पगारदार दर महिन्याला कर भरतो. शेतकऱ्याला आयकर नाही, वीज फुकट, खत स्वस्त, कर्जमाफी वेगळी, शिवाय खात्यात पैसे. हे आमच्याच पैशातून ना? (निवृत्त बँक कर्मचारी, कोथरूड)

होय, बऱ्याचशा गोष्टी खऱ्या आहेत. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाला राज्यात 2024 पासून वीजबिल नाही. युरियाची 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते, आणि स्वस्त म्हणून आमचे लोक तो गरजेपेक्षा जास्त टाकून जमिनीची वाट लावतात, हेही माझ्याकडून लिहून घ्या. केंद्राचे 6,000 आणि राज्याचे 6,000 असे वर्षाचे 12,000 खात्यात येतात. मी घेते.

आता दुसरी बाजू. साडेचार एकर द्राक्ष-कांदा, चढउतार धरून पाच वर्षांची वहीतली बेरीज केली आणि पाचनं भागली, तर आयकराच्या मर्यादेपर्यंत माझं उत्पन्न पोचतच नाही. आयकर शेतीला लावला तर आमच्या गावातून किती जमा होईल याची मला उत्सुकता आहे. आयकराच्या सवलतीचा खरा फायदा घेणारे कोण, हे तुम्ही बँकेत होतात म्हणजे तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत असेल. शहरात धंदा, गावाकडे दहा एकर, आणि दहा एकरांत कागदावर सोनं पिकतं. त्यांच्यावर लावा कर, आमची हरकत नाही.

आणि कर आम्ही भरत नाही असं कुणी सांगितलं? कीटकनाशकाच्या बाटलीवर 18 टक्के जीएसटी असतो. दुकानदार, कारखानदार आपण भरलेला कर पुढच्या करातून वळता करून घेतो. माझ्या कांद्यावर जीएसटी नाही, म्हणून मला वळता करायला काही नाही. तो मी भरला, विषय संपला.

कर्जमाफीवर मी लिहिणार नाही, कारण मला ती कधी मिळाली नाही. नियमित भरणाऱ्यांत होते ना.

प्रश्न : शेतकरी बाजारासाठी औषधं मारून पिकवतात आणि घरासाठी वेगळा, बिनफवारणीचा वाफा ठेवतात. खरं का? (एक गृहिणी, नाशिक शहर)

खरं. माझ्या घरामागे मेथी, वांगी, घेवडा आहे, त्यावर काही मारत नाही. त्या वांग्यात अळी निघते, मी तेवढा भाग कापून टाकते आणि उरलेलं शिजवते. तुम्ही भाजीवाल्याकडे भोक पडलेलं वांगं उचलता का? एका आठवडे-बाजारात मी अशी वांगी घेऊन बसले होते. बाया हातात घेत, फिरवून बघत आणि शेजारच्या चकचकीत ढिगाकडे वळत. संध्याकाळी ती वांगी गाईंनी खाल्ली.

द्राक्षाचं वेगळं आहे. युरोपला जाणारी बाग नोंदलेली असते, काढणीच्या आधी नमुना प्रयोगशाळेत जातो, औषधाचा अंश ठरवून दिलेल्या मर्यादेबाहेर निघाला तर माल तिकडे जात नाही. मग तो कुठे जातो? समुद्रात कुणी टाकत नाही. इथल्या बाजारात येतो. तपासणी तिकडच्या गिऱ्हाइकानं मागितली म्हणून तिकडे होते. तुम्हीही मागा. शेवटच्या फवारणीनंतर किती दिवस थांबून माल काढायचा हे बाटलीवर लिहिलेलं असतं. ते पाळणारे आहेत, भाव वाढलेला दिसला की न पाळणारेही आहेत. मी नाव कुणाचं घेणार नाही, पण आमच्या गावात असे नाहीत असं म्हणणार नाही.

एवढं मात्र ध्यानात असू द्या, त्या औषधाचा पहिला घोट फवारणाऱ्याच्या छातीत जातो. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली. तुम्हाला विष चारायचं म्हणून कुणी असं मरत नाही.

प्रश्न : माझी मुलगी बी. एस्सी. ॲग्री आहे. बरोबरच्या एका मुलाशी लग्न करायचं म्हणते. मुलगा चांगला आहे, पण नोकरी न करता गावी शेती करतो. नातेवाईक म्हणतात, पोरगी जन्मभर शेण काढत बसेल. मला काही सुचत नाही. (एक आई, चिंचवड)

ताई, झोप लागली नाही ती तुमच्या पत्रानं. सांगते का.

माझ्या मुलीला तीन वर्षांपूर्वी दोन स्थळं आली होती. एक दिंडोरीकडचं, सात एकर बाग, मुलगा हुशार, माणसं सरळ. दुसरा पुण्यात कंपनीत, भाड्याच्या दोन खोल्या. मी, सात-बाऱ्यावर नाव असलेली, चांदवडच्या मैदानात बसून आलेली, या मासिकात शेतकऱ्याची बाजू मांडणारी, मी मुलीला विचारलंसुद्धा नाही. पुण्याचं स्थळ पक्कं केलं. मालक म्हणाले, “अगं, आपणच असं केलं तर आपल्या पोराला कोण देणार?” माझ्या धाकट्या दिराचा मुलगा बत्तिसाचा आहे, तीन एकर द्राक्षं, निर्व्यसनी. मुली बघून बघून त्यानं आता बघणं सोडलंय. तेव्हा तुम्हाला ‘बिनधास्त द्या’ असं सांगायला माझी जीभ वळत नाही, आणि ‘देऊ नका’ म्हणायला तर मी तोंड कुठे लपवू?

म्हणून सल्ला देत नाही, काय काय बघायचं ते सांगते. सात-बारा आणि आठ-अ हे जमिनीचे उतारे काढून घ्या, आता ऑनलाइन मिळतात. ‘इतर हक्क’ या रकान्यात बोजा दिसेल; सोसायटीचं पीककर्ज असेल तर घाबरू नका, ते आमच्या सगळ्यांच्या नावावर असतं. सावकाराकडची उचल मात्र कागदावर दिसत नाही, ती गावातल्या किराणावाल्याला विचारून कळते. घरी न कळवता एकदा जा. संडास-न्हाणीघर कुठे आहे, पाणी नळाला येतं की डोक्यावर, हे बघा. गोठा बघा, आणि शेण कोण काढतं तेही विचारा. आमच्याकडे मालक काढतात, मला दम्याचा त्रास आहे म्हणून. कांदा विकून आलेले पैसे कुणाच्या हातात येतात ते विचारा. त्या घरातल्या सासूला एकटीला गाठून पाच मिनिटं बोला. ती बोलताना दाराकडे बघत असेल तर उठून या.

आणि मुलाला एकच विचारा, लग्नानंतर हिच्या नावावर किती गुंठे लावशील? उत्तर काय देतो त्यापेक्षा किती वेळानं देतो ते बघा.

तुमची मुलगी शेतीच शिकली आहे. तिला माझ्यापेक्षा जास्त कळत असेल. मी माझ्या मुलीला विचारलं नाही. तुम्ही तुमच्या मुलीला विचारा.

प्रश्न : आमच्या बाईंनी सांगितलं की बी फळात असतं. मग कांद्याचं बी कुठे असतं? मी कांदा कापायला सांगून बघितला, त्यात काहीच नव्हतं. (इयत्ता चौथी, मुलुंड)

शाब्बास रे बाळा. बाकीच्यांनी ऐकलेलं विचारलं, तू कापून बघून विचारलंस.

कांदा हे फळ नाही. ती कांद्यानं पुढच्या वर्षासाठी जमिनीत बांधून ठेवलेली शिदोरी आहे. पहिल्या वर्षी तो ती बांधतो आणि आपण ती खातो. पण एखादा कांदा न खाता दिवाळीनंतर पुन्हा मातीत लावला, तर तो शिदोरी सोडतो, त्यातून हिरव्या पोकळ नळ्या वर येतात, आणि प्रत्येक नळीच्या टोकाला पांढऱ्या फुलांचा चेंडू येतो. त्याला आम्ही डोंगळा म्हणतो. त्यावर मधमाश्या आल्या तरच बी धरतं. नाही आल्या तर नुसतीच फुलं. एप्रिल-मेमध्ये चेंडू वाळला की त्यातून काळं, टोकदार, तिळाएवढं बी पडतं. ते जपून ठेवून उपयोग नाही, वर्षभरातच पेरायचं; नंतर त्याची उगवण कमी होत जाते.

तुमच्या घरात टोपलीत तळाला एखादा कांदा कोंब आलेला असेल. आई तो टाकून देणार असेल तर माग. कुंडीत अर्धा मातीत, अर्धा बाहेर असा लाव, उन्हात ठेव, पाणी बेतानं घाल. खिडकीत मधमाश्या येत नसतील तर फुलं आल्यावर मऊ ब्रशनं या फुलावरून त्या फुलावर हलकेच फिरव. बी धरलं तर मोजून मला कळव.